चिपवर सीएच३४०, स्क्रीनवर सीएच३४१: ड्रायव्हरला जुन्याच चिपचं नाव का असतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून परभणीतल्या माझ्या छोट्या दुरुस्तीच्या दुकानात रोज एखादा तरी जुना लॅपटॉप येतो, विंडोज ११ त्याच्यावर बसत नाही आणि सोयाबीनच्या ह्या भावात नवीन मशीन घेणार कोण, मग लोक म्हणतात लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम, टाकून द्या. टाकून देतो, चांगलं चालतं, आणि दोन-चार दिवसांनी फोन येतो. मानवतकडच्या एका सेवा केंद्रवाल्या ताईंचा असाच आला. "दादा, भाच्यानं कसलीतरी कमांड मारून बघितली, ग्राफिक्सला आय९१५ लिहून यायलंय, ते तर २००४ चं मॉडेल आहे म्हणतो. माझा लॅपटॉप २०१६ ला घेतलेला आहे. आतमधी जुना माल टाकला का कोणी?"

जुना माल कोणीच टाकला नव्हता. पण ताईंचं घाबरणं मला पटलं, कारण नाव वाचल्यावर कोणालाही तसंच वाटेल. आणि ह्या एका गैरसमजापायी मी लोकांना चांगला मदरबोर्ड बदलताना बघितलंय, पोरांना चांगला प्रोजेक्ट सोडून देताना बघितलंय. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते

कॉम्प्युटरमध्ये बऱ्याच चिपा असतात, एक चित्र दाखवती, एक आवाज काढती, एक वायफाय सांभाळती. प्रत्येकीची बोली वेगळी. विंडोज नाहीतर लिनक्सला ह्या सगळ्या बोली येत नाहीत, म्हणून मधी एक दुभाषी लागतो, छोटासा प्रोग्राम, त्यालाच ड्रायव्हर म्हणायचं. लिनक्समध्ये हे बहुतेक दुभाषी सिस्टीमसोबतच येतात, वेगळी सीडी लागत नाही.

आता कंपनी दर वर्ष-दोन वर्षाला नवीन चिप काढती, पण बोली दरवेळेस नवीन नसती. तीच बोली, चार शब्द वाढलेले, एखादा बदललेला. त्यामुळे जुन्याच दुभाष्याला ते चार शब्द शिकवले की तो नवीन चिपशी पण बोलतो. अशी शिकवणी दहा-वीस वर्षं चालू राहती आणि एका ड्रायव्हरच्या हाताखाली चिपांच्या कितीतरी पिढ्या जमा होतात. नाव मात्र त्याचं तेच राहतं जे जन्माच्या वेळेस पडलं.

सीडी हंड्रेडची क्लच प्लेट

हे गॅरेजवर उभं राहिलं की लगेच कळतं. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ ला, स्प्लेंडर आली १९९४ ला, पॅशन आली २००१ ला, आणि तिन्हीच्या पोटात ९७.२ सीसीचं एकाच घराण्यातलं इंजिन. आमच्याकडचे जुने मेकॅनिक आजही स्पेअरच्या दुकानात पोरगं पाठवतात ते "सीडी हंड्रेडची क्लच प्लेट आण" म्हणून, समोर गाडी पॅशन उभी असली तरी. गिऱ्हाईक नवीन असलं तर बिचकतं, माझ्या गाडीत दुसऱ्याचं सामान टाकायला का म्हणून. पण मेकॅनिकनं त्या भागाला त्याच गाडीचं नाव दिलंय जिच्यात तो त्याला पहिल्यांदा दिसला. पुढं तो भाग कुठं कुठं बसला हे त्याच्या डोक्यात आहे, नावात नाही.

ड्रायव्हरच्या नावाचं हुबेहूब असंच आहे. इंटेलचा ९१५ चिपसेट २००४ चा, त्यावरनं नाव पडलं आय९१५, आणि तोच ड्रायव्हर आज त्याच्या आधीच्या ८३० पासून ते गेल्या काही वर्षातल्या लॅपटॉपपर्यंतची ग्राफिक्स चालवतो. घरच्या बऱ्याच पीसीत लॅनची, म्हणजे वायरीच्या नेटची, चिप रिअलटेक ८१६८ असती आणि ड्रायव्हर दिसतो आर८१६९. सिरियल पोर्ट ह्या जुन्या जोडणीचं तर अजून जुनं आहे, १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सिरियल कार्डवर ८२५० नावाची चिप होती, आणि आज लिनक्स टाकलेला बहुतेक कोणताही पीसी चालू करा, सुरुवातीच्या मेसेजमध्ये "८२५०/१६५५०" लिहून येईल.

मग कॉम्प्युटर जुळवतो कशावरून?

नावावरून तर अजिबात नाही, आणि हीच गोष्ट लोकांना माहीत नसती.

गावात रेशनचं दुकान असतं, लोक त्याला "देशमुखाचं दुकान" म्हणतात, देशमुखांनी ते सोडून पंधरा वर्षं झाली असली तरी. पण तुम्हाला धान्य मिळतं ते तुमचा कार्ड नंबर त्या दुकानाच्या यादीत आहे म्हणून. दुकानाला देशमुखाचं म्हणा की अजून कोणाचं, यादीत नंबर आहे तर माल मिळतो.

चिपेला पण असा नंबर असतो, दोन तुकड्यांचा. पहिला तुकडा कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. पीसीआय म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या चिपा आणि कार्डं जोडायची वाट, तिथं इंटेलचा कंपनी नंबर ८०८६, रिअलटेकचा १०ईसी. यूएसबी किंवा पीसीआयवर चिप जोडली की ती स्वतःहून हा नंबर सांगती, सिस्टीम सगळ्या ड्रायव्हरच्या याद्या बघती, ज्याच्या यादीत नंबर सापडला त्याच्याकडं काम. विंडोजमध्ये पण हेच आहे, डिव्हाईस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी उघडून बघा, हा दोन तुकड्यांचा नंबर तिथं दिसतो. लिनक्समध्ये एलएसपीसीआय आणि एलएसयूएसबी ह्या कमांडा.

ताईंच्या लॅपटॉपचा नंबर आय९१५ च्या यादीत होता, तेवढंच बघायचं होतं.

जिंतूरच्या पोराचं काय झालं

हे जरा सविस्तर सांगतो कारण ह्याच्यात त्या पोराचे तीन आठवडे गेले.

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, वडिलांची कोरडवाहू जमीन, मातीतला ओलावा मोजून मोबाईलवर मेसेज टाकणारं यंत्र बनवायचं होतं त्याला. आर्डुइनो नॅनोचा, म्हणजे सेन्सर जोडून प्रोग्राम टाकायचा छोटा, स्वस्तातला बोर्ड घेतला होता. ह्या बोर्डांवर यूएसबीसाठी एक छोटी काळी चिप असती, तिच्यावर बारीक अक्षरात सीएच३४० छापलेलं असतं, मोबाईलच्या टॉर्चखाली तिरपं धरलं तरच दिसतं. बोर्ड लॅपटॉपला लावला की पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलायची वाट, यायचा आणि लगेच जायचा. त्यानं सिस्टीमचे मेसेज काढून बघितले, तिथं लिहिलेलं होतं सीएच३४१. झालं, त्याला वाटलं सापडलं. "भैय्या, चिप तीनशे चाळीस आहे आन् ड्रायव्हर तीनशे एक्केचाळीसचा बसायलाय, म्हणून तुटायलंय." मग तो तीन आठवडे "सीएच३४० चा खरा ड्रायव्हर" शोधत राहिला, कुठल्या कुठल्या साईटवरनं फाईली उतरवल्या, दोनदा लिनक्स पुन्हा टाकलं, एक बोर्ड खराब समजून दुसरा मागवला.

सीएच३४० चा वेगळा ड्रायव्हर लिनक्समध्ये नाहीच. सीएच३४१ आणि सीएच३४० ह्या एकाच कंपनीच्या सख्ख्या बहिणी, ड्रायव्हरला नाव ३४१ चं, यादीत नंबर दोघींचे. विंडोजच्या इन्स्टॉलरचं नाव पण ३४१ चंच आहे. म्हणजे नाव बरोबर होतं, ड्रायव्हर बरोबर होता, आणि पोर्ट तरी पण जात होता.

आम्ही दोघं बसून मेसेज एकेक ओळ वाचला. पहिल्या ओळीत सीएच३४१ जोडला गेला, टीटीवाययूएसबी० नावाचा पोर्ट तयार झाला. त्याच्या खालीच एक ओळ होती जी त्यानं दरवेळेस सोडून दिली होती, तिच्यात ब्रिल्टी हे नाव होतं. आणि त्याच्या खाली, पोर्ट तुटला. ब्रिल्टी हा दृष्टिहीन लोकांच्या ब्रेल यंत्रासाठीचा प्रोग्राम आहे, फार मोलाचा आहे. अडचण अशी की एका ब्रेल यंत्रात पण हीच यूएसबी चिप आहे, नंबर तोच, १ए८६:७५२३. त्याच्याकडच्या उबंटू २२.०४ ह्या लिनक्समध्ये हा नंबर दिसला की ब्रिल्टीला वाटायचं ब्रेल यंत्र आलं आणि ते पोर्ट आपल्याकडं ओढून घ्यायचं. घरात ब्रेल यंत्र वापरणारं कोणी नव्हतं म्हणून ब्रिल्टी काढलं, दोन मिनिटाचं काम. बोर्ड लावला, पोर्ट आला आणि राहिला.

पोरगं काही बोललं नाही थोडा वेळ. तीन आठवडे लहान नसतात, प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ होती. नावाचा अर्थ आधी कोणी सांगितला असता तर त्यानं ती मधली ओळ पहिल्याच दिवशी वाचली असती, असं मला फार वाटतं.

ज्या चिपा स्वतःचा नंबर सांगतच नाहीत

यूएसबीवाल्या चिपा बोलक्या आहेत. पण मोबाईलमध्ये, सेटटॉप बॉक्समध्ये, रास्पबेरी पाय ह्या छोट्या एका बोर्डाच्या कॉम्प्युटरमध्ये मुख्य चिपच्या पोटात जे भाग असतात ते मुके असतात, विचारलं तरी सांगत नाहीत मी कोण. तिथं बोर्ड बनवणारा एक यादी लिहून देतो, कुठं कोणता भाग आहे त्याची. तिला डिव्हाईस ट्री म्हणतात. आणि त्या यादीत प्रत्येक भागापुढं एक ओळ असती, ती मला फार आवडती, कारण ती मेकॅनिकच्या चिठ्ठीसारखीच असती: "पॅशनची क्लच प्लेट दे, ती नसल तर सीडी हंड्रेडची चालल."

खरं उदाहरण घ्या. २०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये बीसीएम२८३५ ही चिप होती, २०१९ च्या पाय ४ मध्ये बीसीएम२७११. सेन्सर जोडायच्या त्या आयटूसी नावाच्या भागापुढं पाय ४ च्या यादीत दोन नावं आहेत, आधी २७११ चं, मग २८३५ चं. सिस्टीम आधी २७११ साठी खास काही आहे का बघती, नसलं तर २८३५ वालं घेती.

इथं कोणीही विचारेल, २८३५ वाल्यानंच काम भागतंय तर २७११ लिहायचंच कशाला? लिहायचं ह्यासाठी की उद्या २७११ मध्येच एखादी खोड सापडली, जी जुन्या चिपेत नव्हती, तर ड्रायव्हरमध्ये तेवढ्या चिपेपुरता इलाज टाकता येतो. यादीत फक्त जुनं नाव असतं तर लाखो बोर्डांमधून कोणता नवा कोणता जुना हे ड्रायव्हरला कळायला मार्ग नसता. चिठ्ठीवर गाडीचं खरं नाव पहिलं लिहायचं, मग चालणारं लिहायचं. लिनक्सवाल्यांचा हा नियम लेखी आहे.

अहो पण शेवटच्या आकड्याऐवजी 'एक्स' टाका ना

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि पहिल्यांदा ऐकताना शहाणपणाचा वाटतो. २८३५, २८३६, २८३७ असं चाललंय ना, मग ड्रायव्हरचं नाव २८३एक्स ठेवा, सगळी भावंडं आली.

तसं करून बघितलेलं आहे. रास्पबेरी पायच्या सामाईक यादीच्या फाईलला लिनक्समध्ये खरोखर बीसीएम२८३एक्स असं नाव दिलं होतं. पाय २ ला २८३६ आली, पाय ३ ला २८३७ आली, सगळं बसत होतं. मग २०१९ ला पाय ४ आला आणि चिपचा नंबर निघाला २७११. नंबर पुढं जायच्या ऐवजी मागं गेला! आणि त्या २७११ च्या फाईलला आपल्या पोटात २८३एक्स नावाची फाईल घ्यावी लागली, कारण भाग तर तेच होते.

चिपेचा नंबर ठरवतो कंपनीतला मार्केटिंगवाला नाहीतर कोणी साहेब, त्याच्या डोक्यात उद्या काय येईल हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला माहीत नसतं. आपल्याकडचंच बघा, इस्रोच्या रॉकेटमध्ये २००९ पासून विक्रम १६०१ हा प्रोसेसर आहे. त्याच्या पुढचा १६०२ नाही आला, आला विक्रम ३२०१, कारण पहिले दोन आकडे बिटचे आहेत, १६ बिटवरनं ३२ बिट. १६०एक्स असं नाव कोणी ठेवलं असतं तर पहिल्याच उडीत चुकलं असतं.

उलटा धोका पण आहे. एक्स टाकला आणि त्या आकड्यात बसणारी पण बोली पूर्ण वेगळी असलेली चिप आली तर? नाव म्हणेल ही माझी, आणि काम होणार नाही. डिव्हाईस ट्रीच्या नियमांत म्हणूनच स्पष्ट सांगितलंय की एक्स पण नको आणि घराण्याचं नाव पण नको.

घराण्याचं नाव का नको? तेच तर लोकांना कळतं

कळतं, आणि म्हणूनच जास्त फसवतं. इंटेलनं नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिला, मार्च २०२४ मध्ये लिनक्स ६.८ सोबत आला, नाव ठेवलं एक्सई, त्यांच्या ग्राफिक्सच्या घराण्याचं. आता २०२० च्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपवर स्टिकर आहे "आयरिस एक्सई", पण त्याला लिनक्स आपणहून लावतं तो ड्रायव्हर आय९१५ च. गिऱ्हाईक स्टिकरवर बोट ठेवून विचारतं आणि समजावताना मला दहा मिनिटं लागतात. एएमडीचं पण तसंच, रेडिऑन नावाचा ड्रायव्हर आहे, रेडिऑन नावाची नवीन कार्डं बाजारात आहेत, आणि ती कार्डं त्या ड्रायव्हरवर चालत नाहीत, त्यांना २०१५ ला आलेला एएमडीजीपीयू लागतो.

घराण्याचं नाव कंपनी वर्षानुवर्षं विकत राहती, आतली बोली बदलली तरी. एका चिपचा नंबर असा पसरत नाही. आय९१५ वाचून माणूस गोंधळला तरी विचारतो तरी, रेडिऑन वाचून तो विचारतच नाही, गृहीत धरून चालतो.

बरं, मग नंतर नाव बदलून टाका

परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेलं सोयाबीनचं वाण आहे एमएयूएस ७१. त्या नावातलं एमएयू म्हणजे मराठवाडा कृषी विद्यापीठाची इंग्रजी आद्याक्षरं. २०१३ ला विद्यापीठाचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. वाणाचं नाव बदललं का? नाही, आणि बदलायला पण नको, कारण बियाण्याच्या पिशवीवर, दुकानदाराच्या वहीत, शेतकऱ्याच्या तोंडात सगळीकडं एमएयूएस ७१ आहे, नाव बदललं तर पेरणीच्या गडबडीत माणूस दुसरंच घेऊन जाईल.

ड्रायव्हरचं नाव पण असंच पन्नास ठिकाणी जाऊन बसलेलं असतं. कोणाच्या सेटिंग फाईलमध्ये, कोणाच्या स्क्रिप्टमध्ये, सर्व्हरवर कोणता ड्रायव्हर चालू करायचा कोणता नाही त्याच्या यादीत. नाव बदललं की त्या सगळ्या फाईली गुपचूप निकामी होतात, चूक पण दाखवत नाहीत. जुन्या लोकांना आठवत असेल, लिनक्समध्ये आधी हार्ड डिस्कला एचडीए म्हणायचे, मग ड्रायव्हर बदलले आणि तीच डिस्क एसडीए झाली, किती मशीन सुरूच होईनात कारण फाईलीत जुनं नाव लिहिलेलं होतं. तेव्हापासून डिस्कला नावाऐवजी लांबलचक ओळख क्रमांकानं धरायची पद्धत रुजली. (आणि त्या एसडीए मधला एस हा स्कझी नावाच्या जुन्या जोडणीचा आहे, तुमचा पेनड्राईव्ह पण आज त्याच नावानं दिसतो.)

मग नवीन नाव लागतं तरी कधी

बोली खरंच बदलली तेव्हा. इंटेलच्या लॅन कार्डांचा ई१००० ड्रायव्हर होता, पीसीआय एक्सप्रेस ह्या नव्या जोडणीवाली कार्डं आल्यावर ती वेगळी काढून ई१०००ई केला, कारण एकाच ड्रायव्हरमध्ये दोघांना सांभाळायला "ही चिप असल तर हे कर, ती असल तर ते कर" इतकं वाढलं होतं की जुन्यासाठी केलेली दुरुस्ती नव्याला मोडायची. असं व्हायला लागलं की वेगळी चूल बरी. नुसती चिप नवी आली म्हणून नाही.

आपण स्वतः लिहायची वेळ आली तर

केंद्र सरकारनं २०२१ च्या डिसेंबरमध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली, मद्रास आयआयटीचा शक्ती, सी-डॅकचा वेगा असे प्रोसेसर आपल्याकडं तयार झालेत, म्हणजे ह्या चिपांचे ड्रायव्हर लिहायचं काम पण आपल्याच पोरांकडं येणार आहे. त्यांनी सुरुवातीलाच नाव नीट ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण पहिल्या दिवशी पडलेलं नाव वीस वर्षं पुसता येत नाही.

जिंतूरच्या त्या पोरानं सेन्सर वाचायला स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहिला होता, नाव ठेवलं होतं "ओलावा सगळे सेन्सर". त्याच्या बोर्डावर मोजणीची चिप होती एडीएस१११५. मी त्याला लिनक्समधला तिचा ड्रायव्हर काढून दाखवला, त्याचं नाव एडीएस१०१५, म्हणजे तिच्या १२ बिटवाल्या भावंडाचं, आणि आत यादीत १११५ पण आहे. ह्यावेळेस तो बिचकला नाही, उलट त्यानंच विचारलं, "मग मी माझ्याला एडीएस१११५ च म्हणू ना? मी तर तेवढीच तपासलीय."

तेच म्हण, म्हणलं. आणि फाईलीच्या सगळ्यात वर एक ओळ लिही, कोणत्या चिपेवर स्वतः चालवून बघितलं आणि कोणत्या तारखेला. नवीन चिप हातात आली, चालवून बघितली, की तिचं नाव त्या ओळीत जोडायचं, फाईलीच्या नावाला हात लावायचा नाही.

परवा त्यानं फोटो पाठवला. बांधावर लिंबाच्या झाडाला प्लॅस्टिकचा डबा बांधलेला, वायर तुरीच्या ओळीत गेलेली, आणि स्क्रीनवर त्या फाईलीची वरची ओळ. एडीएस१११५ च्या पुढं स्वल्पविराम देऊन एडीएस१०१५ लिहिलेलं होतं, शेजारी त्याच दिवसाची तारीख.